रबरावर धावणारी रिमोट कार: पहिली गाडी कशी बांधायची

या गाडीत मोटर नाही. चाक फिरवायचं काम फक्त ताणलेलं रबर करतं. सेल असतात, पण ते स्टिअरिंग आणि ब्रेकपुरते. सेलची ताकद चाकापर्यंत पोचता कामा नये, हा या खेळाचा मूळ नियम आणि सगळी मजाही त्यातच आहे.

नवीन माणूस हमखास एक चूक करतो. तो सुरुवात रबरापासून करतो. जाड रबर आणतो, आणखी आणतो, चौकट वाकते, मग चौकट जाड करतो, गाडी जड होते, आणि अंगणात सहा मीटर जाऊन थांबते. सुट्टीत मुलांबरोबर या गाड्या बांधताना मी हे इतक्या वेळा पाहिलंय, की आता पहिले दोन दिवस रबर कपाटातून बाहेरच काढत नाही. आधी गाडी नुसती घरंगळली पाहिजे. रबर शेवटी.

का, ते एका हिशेबात कळेल. खाली दिलेल्या गाडीतलं रबर पूर्ण ताणलं की त्यात साधारण ८.४ ज्यूल ऊर्जा साठते. म्हणजे किती? एक लिटर पाण्याची भरलेली बाटली जमिनीवरून टेबलाच्या उंचीपर्यंत उचलायला लागते तेवढी. घड्याळातल्या पेन्सिल सेलमध्ये दहा हजार ज्यूलच्या आसपास असतात. आपल्याकडे आठ आहेत, ते कुठे सांडतात यावर डोळा ठेवायचा.

आराखडा

पहिल्या गाडीला तीन चाकं पुरतात: पुढे दोन, मागे एक. रिक्षाच्या बरोबर उलट. रिक्षाला पुढे एक चाक असतं म्हणून जोरात वळवली की ती कलंडायला बघते. दोन चाकं पुढे ठेवली की वळणावर गाडी बसून राहते. दुसरा फायदा त्याहून मोठा. मागची दोन्ही चाकं एकाच ॲक्सलवर घट्ट बसवली, तर वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं आणि एक चाक घासत जातं. मोठ्या गाड्यांत त्यासाठी डिफरन्शिअल, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच असतो. मागे एकच चाक ठेवलं की तो प्रश्नच उरत नाही.

चौकट म्हणजे ७० सेंमी लांबीच्या बांबूच्या दोन कामट्या, १ सेंमी रुंद, ८ मिमी जाड, एकमेकींपासून ८ सेंमीवर. शिडीचे दोन उभे दांडे समजा. रबर या दोघांच्या मधून, त्यांच्याच पातळीत जाईल. ही जागा फार महत्त्वाची आहे. रबर चौकटीच्या वरून नेलं तर ताण आल्यावर चौकट धनुष्यासारखी वाकते. मधून नेलं तर ताण कामट्यांना फक्त लांबीच्या दिशेने दाबतो, आणि तो दाब बांबू सहज सोसतो.

सामान गोळा करायला पुण्यात असाल तर बेअरिंग, सर्व्हो (रिमोटच्या आज्ञेने आपला हात हवा तितका वळवणारी विजेची छोटी डबी) आणि रिमोटसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, स्क्रू-सळईसाठी बोहरी आळी. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि नागदेवी स्ट्रीट. बांबू बुरुडाकडे मिळतो. सरळ, पिकलेला, गाठी जवळजवळ नसलेला मागा. बाकी बरंचसं घरात निघेल.

चाकं आणि बेअरिंग: इथे घाई नको

जुन्या सीडी काढा. सीडीचा व्यास १२ सेंमी असतो आणि ती कारखान्यातूनच अचूक गोल आलेली असते. इतकं गोल चाक हाताने कापून होत नाही. दोन सीडींच्या मध्ये सनबोर्डची किंचित लहान चकती चिकटवून सँडविच करा. कडेला उथळ खाच राहील, त्यात टायर बसेल. टायर म्हणून फुग्याच्या मधल्या भागाची पट्टी कापून ताणून चढवा. मागच्या चाकाला दोन पट्ट्या, म्हणजे पकड चांगली मिळते. पुढे एक पुरे.

सीडीच्या मधलं भोक १५ मिमीचं. पुढच्या चाकांसाठी ६२४ नंबरचं बेअरिंग घ्या. त्याचं आतलं भोक ४ मिमी, बाहेरचा व्यास १३ मिमी. उरलेली फट कागदी पट्टी गुंडाळून भरा आणि चाक सरळ आहे याची खात्री झाल्यावरच अराल्डाइट लावा. मागच्या चाकात बेअरिंग नको. ते चाक ४ मिमीच्या पोलादी सळईवर लाकडी बुश (सीडीचं भोक भरणारी गोल खुंटी) घालून घट्ट चिकटवायचं आणि बेअरिंगं कामट्यांवर बसवायची, म्हणजे चाक आणि ॲक्सल एकत्र फिरतील.

दुकानातून आलेल्या बेअरिंगमध्ये ग्रीस भरलेलं असतं. यंत्राला ते हवं, पण आपल्या आठ ज्यूलच्या गाडीला ते चिखलासारखं लागतं. बेअरिंगवर झाकण असेल तर पिनेने अलगद काढा, रॉकेलमध्ये खळखळून धुवा, वाळवा आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब टाका. धुण्याआधी आणि नंतर बोटाने फिरवून बघा. फरक हातालाच कळतो.

आता चाकाचा आऊट काढायचा. सायकलवाला रिमजवळ खडू धरून बघतो तसंच. ॲक्सल फिरवा, कडेजवळ पेन्सिल स्थिर धरा, चाक कुठे लागतं ते पाहा. अराल्डाइट ओला असतानाच दाबून सरळ करा. एक मिलिमीटरचा आऊटसुद्धा गाडीला प्रत्येक फेऱ्यात डोलवतो.

पुढचा भाग आणि स्टिअरिंग

पुढे ३० सेंमीची आडवी लाकडी पट्टी, कामट्यांच्या टोकापासून साधारण ६ सेंमीवर. मागचा ॲक्सल टोकापासून ६६ सेंमीवर येईल, म्हणजे दोन ॲक्सलमध्ये ६० सेंमी. आडव्या पट्टीच्या दोन्ही टोकांना लाकडाचा एकेक छोटा ठोकळा ३ मिमीच्या उभ्या बोल्टवर फिरता ठेवा. या ठोकळ्यातून ४ मिमीचा बोल्ट आडवा बाहेर काढा. त्यावर चाक बसेल. बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना बारीक वॉशर टाका, नाहीतर चाकाची कड ठोकळ्यावर घासते.

प्रत्येक ठोकळ्याला मागच्या बाजूने आइस्क्रीमची काडी चिकटवा. ती सरळ मागे न ठेवता थोडी आत झुकवायची. किती? उभ्या बोल्टपासून मागच्या ॲक्सलच्या मध्यापर्यंत दोरा ताणा. काडी त्या दोऱ्याच्या रेषेत बसवा. वळताना आतलं चाक लहान वर्तुळ कापतं, म्हणून ते बाहेरच्या चाकापेक्षा जास्त वळायला हवं. काड्यांचा हा झुकाव ते काम आपोआप करतो. घोडागाडीसाठी ही युक्ती जर्मनीतल्या गेओर्ग लांकेन्स्पेर्गरने १८१७ मध्ये काढली. ब्रिटनमध्ये तिचं पेटंट १८१८ मध्ये रुडॉल्फ आकरमान याने घेतलं आणि नाव त्याचंच चिकटलं.

दोन्ही काड्यांना जोडायला सायकलचा स्पोक. टोकं काटकोनात वाकवून काड्यांच्या भोकांत अडकवा. भोक स्पोकपेक्षा जेमतेम मोठं असू द्या. सैल राहिलं तर गाडी सरळ जातच नाही. मध्यभागी ९ ग्रॅमचा सर्व्हो बसवून त्याचा हात दुसऱ्या छोट्या तारेने या स्पोकला जोडा. चाकं २५ अंश वळली तरी बास. या लांबीच्या गाडीला त्यात साधारण १.३ मीटर त्रिज्येचं वळण मिळतं.

रेडिओ आणि सेल

खेळण्यातल्या रिमोट कारचा सर्किट काढून वापरायचा मोह होतो. बहुतेक स्वस्त खेळण्यांत स्टिअरिंग पूर्ण डावं किंवा पूर्ण उजवं, एवढंच असतं. मधलं काही नाही. आपल्या गाडीला दर झटक्याला वेग गमवावा लागेल. त्यापेक्षा हळूहळू वळवता येणारा, २.४ गिगाहर्ट्‌झचा साधा रिमोट आणि त्याचा रिसीव्हर घ्या. निदान दोन चॅनल, म्हणजे दोन सर्व्होंना वेगवेगळ्या आज्ञा देण्याची सोय हवी. फ्लायस्कायचा एफएस-आय६ विद्यार्थ्यांमध्ये चांगला रुळलेला आहे आणि पुढे विमान करायचं ठरलं तरी तो चालतो.

वीज ४.८ ते ६ व्होल्ट. चार ट्रिपल-ए रिचार्जेबल सेल घेतले की ४.८ व्होल्ट होतात आणि वजन पन्नास ग्रॅमच्या आत राहतं. ७.४ व्होल्टची लिथियम बॅटरी सरळ जोडू नका, छोटा सर्व्हो जळतो. सेल आणि रिसीव्हर पुढच्या पट्टीजवळ, खाली बसवा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी पुढची बाजू, मग मागची ठेवून वजन पाहा. पुढे ६० टक्के आणि मागे ४० टक्के आलं की वळणावर स्थिर राहते आणि मागचं चाकही घसरत नाही.

सगळं मिळून गाडी ३५० ग्रॅमच्या आसपास यावी. चारशेच्या वर गेली तर रबर वाढवण्याआधी वजन कुठे लपलंय ते शोधा. माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा गोंदात आणि एम-सीलमध्ये असतं.

घरंगळण्याची परीक्षा

आता रबराशिवायच गाडी जोखायची. एक फळी घ्या, तिचं एक टोक १० सेंमी उंच करा, गाडी वरून सोडा आणि सपाट फरशीवर ती कुठे थांबते ते मोजा. फळी आणि फरशी मिळून एकूण आडवं अंतर धरायचं.

समजा गाडी ३.३ मीटरवर थांबली. १० सेंमी भागिले ३३० सेंमी म्हणजे ०.०३. गाडीला मागे खेचणारा रोध तिच्या वजनाच्या तीन टक्के आहे. ३५० ग्रॅमच्या गाडीला हा रोध झाला साधारण ०.१ न्यूटन, म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपासचा जोर. आता ८.४ ज्यूलला ०.१ ने भागा: ८४ मीटर. तुमच्या गाडीची ही वरची मर्यादा. प्रत्यक्षात दोरा, कप्पी आणि रबर स्वतः मिळून बराच वाटा खातात. त्यामुळे सुरुवातीला चाळीस मीटर गेली तरी मनापासून आनंद माना.

गाडी दीड मीटरवरच थांबली असेल तर पुढे जाऊ नका. पुढची दोन्ही चाकं समांतर आहेत का बघा. एक चाक किंचित आत वळलेलं असलं तर ते सतत फरशी घासत जातं. मग वॉशर, मग बेअरिंग, मग टायरची पट्टी कुठे कामटीला लागते का. प्रत्येक दुरुस्तीनंतर पुन्हा फळी. आकडे वहीत लिहा. दीड मीटरची गाडी तीनवर आणणं हे रबर दुप्पट करण्याच्या तोडीचं आहे, आणि त्यासाठी एक ग्रॅमही वाढत नाही.

आता रबर

ताणलेलं रबर दोऱ्याने मागचा ॲक्सल फिरवणार. ॲक्सलवर दोरा गुंडाळलेला, रबर दोरा खेचतं, ॲक्सल उलगडत फिरतो. यात गिअर लागत नाही, म्हणून पहिल्या गाडीला हीच पद्धत.

अडचण अशी की ७० सेंमीच्या चौकटीत रबर फार ताणता येत नाही. १४ सेंमीची जुडी पुढे अडकवली आणि चौपट, म्हणजे ५६ सेंमीपर्यंत मागे ताणली, तर तिचं टोक ४२ सेंमी सरकतं. इथे शाळेतली फिरती कप्पी कामाला येते. रबराच्या मोकळ्या टोकाला छोटी कप्पी अडकवा. दोऱ्याचं एक टोक मागे एका कामटीला पक्कं बांधा, दोरा कप्पीतून फिरवून चाकाच्या दुसऱ्या बाजूने ॲक्सलवर आणा. कप्पी ४२ सेंमी सरकली की दोरा ८४ सेंमी येतो. जोर निम्मा होतो, अंतर दुप्पट. आपल्याला तेच हवंय.

दोरा मासेमारीचा विणलेला घ्या, ०.४ मिमी जाडीचा. नायलॉनचा एकेरी दोर ताणला जातो आणि ऊर्जा खातो. ४ मिमीच्या ॲक्सलवर ८४ सेंमी दोऱ्याचे साधारण ६० फेरे बसतात. एकाशेजारी एक घातले तर अडीच सेंमी जागा लागते. कामट्या एकमेकींपासून ८ सेंमीवर ठेवल्या त्या यासाठीच. ६० फेऱ्यांत १२ सेंमीचं चाक २२-२३ मीटर धावतं. तेवढं अंतर रबर ढकलतं, पुढचं गाडी मिळालेल्या वेगावर जाते.

दोरा ॲक्सलला बांधायचा नाही. ही चूक झाली की रबर संपताच चाक दोरा उलटा गुंडाळायला लागतं आणि गाडी स्वतःलाच ब्रेक लावते. ॲक्सलला बारीक भोक पाडून दोन मिलिमीटर बाहेर राहील अशी पिन चिकटवा आणि दोऱ्याच्या टोकाला फास करून तो पिनेवर नुसता अडकवा. शेवटचा फेरा सुटला की फास आपोआप निसटतो. निसटण्याच्या क्षणी रबरात तीन-चार सेंमी ताण उरेल एवढी दोऱ्याची लांबी ठेवा, म्हणजे सुटलेला दोरा पुढे खेचला जाईल आणि चाकात अडकणार नाही. खाली पुठ्ठ्याची पातळ पट्टी लावली की तो जमिनीवरही लोळत नाही.

कोणतं रबर? विमानाच्या मॉडेलसाठी मिळणारी रबराची पट्टी सर्वांत चांगली. नाहीतर लांब, ताजे रबरबँड. जाडी-रुंदीच्या कोष्टकात अडकू नका. सामान तोलायचा छोटा लटकता काटा घ्या आणि जुडी १४ वरून ५६ सेंमीपर्यंत ताणून वाचा. पहिल्या दिवशी २ किलो पुरे. गाडी नीट चालली की पट्ट्या वाढवत ४ किलोपर्यंत जा. वरचा ८.४ ज्यूलचा हिशेब ४ किलोचा आहे: सुरुवातीला ४० न्यूटन, शेवटी जवळजवळ शून्य, सरासरी २० धरून गुणिले ०.४२ मीटर. नवी जुडी एकदम पूर्ण ताणू नका. आधी दुप्पट, मग तिप्पट, असं आठ-दहा वेळा हलकेच ताणून सोडा. हुकाच्या धारेवर प्लॅस्टिकची नळी चढवा, कारण रबर बहुतेक वेळा तिथेच कापलं जातं.

रबर पटकन ताणून वरच्या ओठाला लावा, गरम लागेल. सोडल्यावर गार. ताणलेलं रबर नुसतं धरून ठेवलं तरी त्याचा जोर हळूहळू उतरतो. म्हणून गुंडाळणं शर्यतीच्या अगदी आधी, आणि गुंडाळलं की लगेच सोडायचं.

गुंडाळताना डोळ्यांवर चष्मा हवाच, मोठ्यांच्याही. चार किलोच्या रबराने ताणलेला दोरा तुटला तर तो थेट चेहऱ्याकडे येतो. मुलं गुंडाळत असतील तर त्यांना गाडीच्या बाजूला बसवा, पुढे किंवा मागे नाही.

सुटका आणि ब्रेक

गुंडाळलेली गाडी रिमोटने सोडायची, तर चाक अडवायला काहीतरी हवं. मागच्या चाकाला कडेजवळ भोक पाडा आणि दुसऱ्या सर्व्होच्या हाताला लावलेली पिन त्यात घाला. दोऱ्यात दोन किलोचा ताण असला तरी तो ॲक्सलवर, म्हणजे केंद्रापासून दोनच मिलिमीटरवर काम करतो. चाकाच्या कडेजवळ त्याचा जोर शंभर ग्रॅमच्या आसपासच उरतो. छोटा सर्व्हो तो आरामात धरतो.

त्याच सर्व्होला तीन जागा द्या: एका टोकाला पिन आत, मध्ये चाक मोकळं, दुसऱ्या टोकाला जुन्या माऊसपॅडचा तुकडा चाकाच्या कडेवर दाबणारा ब्रेक. चालत्या गाडीत पिन चुकून आत जाऊ नये म्हणून ती बाजू रिमोटच्या स्विचवर ठेवा, दांडीवर नको. सिग्नल तुटला तर ब्रेक लागेल अशी रिसीव्हरची सेटिंग करा. आमची एक गाडी असंच न करता सोडली होती. ती शाळेच्या मैदानाच्या कुंपणापर्यंत गेली आणि पुढची पट्टी दोन तुकडे झाली.

पहिली धाव

बंदिस्त, गुळगुळीत जागा निवडा. बॅडमिंटनचं कोर्ट, सोसायटीचं पार्किंग, मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल. डांबरी रस्त्यावर रोध दुपटीने वाढलेला दिसेल.

पहिल्या पाच धावा सरळ. गाडी एका बाजूला ओढत असेल तर रिमोटच्या ट्रिमने (चाकांची मधली जागा किंचित सरकवणाऱ्या बटणाने) सरळ करा. सुटताना मागचं चाक जागेवरच फिरत असेल तर रबर कमी करा किंवा ॲक्सलवर पहिले दहा-बारा फेरे जिथे सुटतात तिथला जोर कमी करा. जुन्या चावीच्या घड्याळांत त्यासाठी शंकूच्या आकाराचं रीळ असे: स्प्रिंग पूर्ण भरलेली असताना साखळी बारीक टोकावर, स्प्रिंग सैल होत जाईल तशी जाड टोकाकडे. तेच इथे चालतं. पूर्ण ताणाच्या वेळचे फेरे उघड्या सळईवर येऊ द्या आणि शेवटचे फेरे कागदी टेप गुंडाळून थोड्या जाड केलेल्या भागावर.

मग वळणं. गाडी वळवताना पुढची चाकं थोडी घासतातच, म्हणून वळण रुंद घ्या आणि एकदाच घ्या. दांडी पुढेमागे हलवत दुरुस्त्या करणारा चालक सरळ रेषेतही ऊर्जा उधळतो. शर्यत लावायची असेल तर दोन खुर्च्या दहा मीटरवर ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यात फेऱ्या मोजा. त्यात चांगला चालक हलक्या गाडीला हरवतो. एक लक्षात ठेवा: या रचनेत रबर ओढत असेपर्यंत चाक आणि रबर एकमेकांना बांधलेले आहेत. मध्येच ब्रेक लावून उरलेलं रबर पुढच्या सरळ भागासाठी राखता येतं, पण रबर राखून गाडी नुसती घरंगळू देता येत नाही. त्यासाठी सायकलच्या फ्रीव्हीलसारखं एकाच दिशेने पकडणारं बेअरिंग लागतं. ते दुसऱ्या गाडीत.

दुसऱ्या गाडीत रबर ताणण्याऐवजी पिळताही येईल. १८७१ मध्ये पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फोंस पेनोने पिळलेल्या रबरावर छोटं विमान ११ सेकंद, सुमारे ४० मीटर उडवलं होतं. रबरी विमानं आजही त्याच तत्त्वावर उडतात. पिळाचा एक नियम मात्र आधी समजून घ्या. लांबी तीच ठेवून जुडीतल्या पट्ट्या चौपट केल्या, तर पीळ निम्मेच बसतात, पण पिळाचा जोर आठपट होतो. ऊर्जा चौपटच राहते. म्हणून बारीक-लांब जुडी जास्त फेरे आणि कमी जोर देते, जाड-आखूड जुडी कमी फेरे आणि जास्त जोर. पिळाची जुडी लांबीच्या दिशेने आणि ॲक्सल आडवा, त्यामुळे काटकोनात वळवणारे गिअर लागतात, आणि ते नीट जुळवणं हेच त्या गाडीचं खरं काम. जुडीला एरंडेल चोळून घेतलं की पट्ट्या एकमेकींवर घासून फाटत नाहीत.

दिवस संपला की रबर गाडीवर ठेवू नका. जुडी उतरवा, धूळ पुसा, टाल्कम पावडर लावून डब्यात घाला आणि डबा उन्हापासून लांब, कपाटात ठेवा. पुढच्या वेळी बाहेर काढल्यावर ताणण्याआधी बोटांतून सरकवत कडांवर चीर पडली आहे का पाहा. पडली असेल तर ती पट्टी काढून टाका आणि काट्यावर जोर पुन्हा मोजा.